होयाचं डोहाळजेवण

गोपाळकृष्ण खांबेटे ज्या सकाळी हॉलमधून "नीरजाऽऽऽ!" असे ओरडले, त्या सकाळी वारज्याच्या मधुबन सोसायटीत निदान चार घरांतले गॅस बंद झाले. शेजारच्या तीनशे तीनमधून सर्जेराव बनियनवरच धावत आले. त्यांच्यामागून त्यांच्या आई सोजरबाई काठी टेकत आल्या, आणि स्वयंपाकघरातून नीरजाबाई कणकेच्या हातांनी आल्या. विमा कंपनीतून निवृत्त झालेला, रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस सकाळी सकाळी असा ओरडला म्हणजे लोक जे समजायचं ते समजतात. त्यात लोकांची काही चूक नाही.

पण गोपाळकृष्ण ठणठणीत होते. बाल्कनीच्या दाराशी स्टुलावर चढून उभे होते, हातात भिंग, आणि चेहरा असा की पोरगी बोर्डात पहिली आली असावी.

"कळी!" ते म्हणाले. "कळी आली!"

सगळ्यांना आळीपाळीने स्टुलावर चढवून भिंगातून दाखवण्यात आलं. साबुदाण्याहून बारीक, हिरवट-गुलाबी दाण्यांचे दोन घोस होते. भिंग काढलं की काही नव्हतं.

"ह्याच्यापायी वरडला व्हय?" सर्जेराव म्हणाले. "आवं, मी शर्ट न घालता आलो की सायेब!"

नीरजाबाईंनी फक्त कणकेच्या हाताकडे एकदा बघितलं, नवऱ्याकडे एकदा बघितलं, आणि त्या आत गेल्या. सदाशिव पेठेत वाढलेल्या बाईला एवढं पुरतं.

आता ही वेल म्हणजे होया. मुंबई बायपासच्या नर्सरीतून गोपाळकृष्णांनी ती आणली तेव्हा नर्सरीवाला म्हणाला होता, "मेणाची केल्यासारखी फुलं येतात बघा, आणि घरातच वाढते." घरातच वाढते, हे ऐकून गोपाळकृष्ण पाघळले. कारण त्यांच्या हातून आजवर एक झाड जगलं नव्हतं. गुलाब गेला, मोगरा गेला, आणि सांगायलाही लाज वाटावी, पण ओळीने तीन तुळशी गेल्या. तिसऱ्या तुळशीनंतर नीरजाबाईंनी त्यांना झाडाला हात लावायला बंदी केली होती. होया घरात आली तेव्हा त्या तिच्याकडे बघून एवढंच म्हणाल्या होत्या, "बिचारी."

पण बिचारी जगली! जगली, वाढली, जाडजूड चकचकीत पानं काढत पडद्याच्या दांडीवर चढली, तिथून उतरली, आणि बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या मुठीला वळसे घालून पुन्हा वर गेली. एवढं होईपर्यंत गोपाळकृष्ण कौतुकाने बघत बसले. वेलीला कुठं जायचं ते वेलीला कळतं, असं त्यांचं म्हणणं. आणि कळ्या कुठं धराव्यात? तर नेमक्या त्या मुठीपाशी.

त्याच दुपारी त्यांनी एका केरळी बाईंचा व्हिडिओ पाहिला आणि घरात आणीबाणी जाहीर केली. होयाला कळी धरली की कुंडी तसूभर हलवायची नाही. फिरवायचीही नाही. वारा, धक्का, काहीही लागलं की कळ्या गळतात. म्हणजे बाल्कनीचं दार बंद. हॉलचा पंखा बंद.

"आणि वॉशिंग मशीन?" नीरजाबाईंनी विचारलं. मशीन बाल्कनीत होतं. दोऱ्याही बाल्कनीत.

"आपण दोघंच तर आहोत," गोपाळकृष्ण म्हणाले. "दोघांचं असं किती धुणं असतं?"

लग्नाला तेहतीस वर्षं झाल्यावर असली वाक्यं बोलू नयेत हे माणसाला कळायला हवं. नीरजाबाईंनी शांतपणे सगळं धुणं बादलीत भरलं आणि सर्जेरावांकडे नेलं. सर्जेरावांचं घर अघळपघळ, मन त्याहून. सोसायटी उभी आहे ती जमीनच मुळात त्यांची, तिथं त्यांचा उसाचा फड होता, त्यामुळे ते सोसायटीचे चेअरमन आणि सगळ्या बिल्डिंगचे यजमान. त्यांनी मशीन दिलं, दोऱ्याही दिल्या. मात्र त्यांच्या दोऱ्या मेन गेटच्या बाजूला. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून गोपाळकृष्णांचे नाडीचे पट्टेरी लेंगे येणाऱ्याजाणाऱ्याचं स्वागत करू लागले. रिक्षावाल्यांना पत्ता सांगताना लोक "लेंगे दिसतील ती बिल्डिंग" असं सांगतात, हे त्यांच्या कानावर आलं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. मोठं काम करणाऱ्याला लेंग्यांची लाज बाळगून चालत नाही.

आणि मग सल्ले सुरू झाले. पुण्यात माणूस पत्ता सांगायला कुरकुरेल, पण सल्ला द्यायला कधी नाही म्हणणार नाही. सेक्रेटरी दिगंबर गोरे लिफ्टमध्ये भेटले की केळ्याच्या सालीचं पाणी घाला म्हणत. दुसऱ्या मजल्यावरून ताक सुचवण्यात आलं. सर्जेरावांना शेणखताशिवाय दुसरं काही मान्य नव्हतं. बंगळूरहून मुलगी तनया फोनवर म्हणाली, "बाबा, प्लीज चिल! इट्स जस्ट अ प्लँट." गोपाळकृष्णांनी फोन ठेवला आणि दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. स्वतः ते एकच करायचे. रोज सकाळी अंघोळ झाली की तांब्याभर पाणी श्रद्धेने कुंडीत ओतायचे. मग भिंग घेऊन स्टुलावर.

आणि खरंच, कळ्या फुगत होत्या! साबुदाण्याची ज्वारी झाली, ज्वारीची तूरडाळ झाली. एकेका घोसात वीस-पंचवीस, सगळ्या छत्रीच्या काड्यांसारख्या एका दांड्यातून फुटलेल्या. गोपाळकृष्णांना जेवण सुचेना. ऑक्टोबरचा उकाडा, पंखा बंद, अंगाला घामाच्या धारा, आणि हा माणूस हॉलमध्ये शीळ घालतोय!

अशा वेळी सोसायटीचं रंगकाम यावं, याला नशीब म्हणतात. दिवाळीच्या आत बिल्डिंग रंगवायची असा ठराव झाला होता. सगळ्या बाल्कन्यांना ग्रिल, त्यामुळे रंगाऱ्यांना आत शिरायला घरातूनच वाट. रंगारी मच्छिंद्र आपली माणसं, खरवडण्या आणि प्रायमरचे डबे घेऊन खांबेट्यांच्या तीनशे चारच्या दारात उभा राहिला.

"काका, बाल्कनी उघडा."

"उघडणार नाही," गोपाळकृष्ण म्हणाले. "कळी आलीय."

मच्छिंद्रने नीरजाबाईंकडे बघितलं. नीरजाबाईंनी छताकडे बघितलं.

त्यानंतर पत्रव्यवहार झाला. गोपाळकृष्णांचं आयुष्य विम्याच्या कचेरीत गेलेलं, त्यामुळे अर्ज लिहायचा म्हटलं की त्यांना स्फुरण चढतं. त्यांनी मुदतवाढीचा अर्ज दिला. दिगंबर गोऱ्यांनी तो 'विहित नमुन्यात नाही' म्हणून परत केला. विहित नमुना कुठाय, असं विचारलं तर म्हणाले, असा अर्ज याआधी कुणी केलेला नाही, त्यामुळे नमुना नाही. मग नमुना करा. नमुना करायला सभा लागते. मग सभा घ्या!

सभा पार्किंगमध्ये भरली. विषय एकच, तीनशे चारमधील वेलीबाबत निर्णय घेणे. एवढी गर्दी पाणीटंचाईच्या सभेलाही झाली नव्हती.

"एका वेलीसाठी सबंध बिल्डिंगचा रंग थांबवायचा?" दिगंबर गोरे म्हणाले. "उद्या कुणी म्हणेल माझी मांजर झोपलीय, जिना झाडू नका."

"मांजर उठते हो," गोपाळकृष्ण ताडकन उभे राहिले. "कळी गळली की परत चिकटवता येत नाही. मी आयुष्यात कधी काही मागितलं नाही सोसायटीकडे. पार्किंग मागितलं नाही. गच्ची मागितली नाही. पासष्ट वर्षांत माझ्या हातून पहिल्यांदा काहीतरी फुलतंय. तेवढं फुलू द्या!"

हे बोलताना त्यांचा आवाज कापला. आणि लगेच नीरजाबाईंचा स्पष्ट, कोरडा आवाज आला.

"किती दिवस फुलू द्यायचं, तेही ठरवून घ्या. मला दार हवंय."

घ्या! आपलेच दात आणि आपलेच ओठ. गोपाळकृष्ण मटकन खाली बसले. शेवटी चेअरमन म्हणून सर्जेराव उठले. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"हे बघा, पोटुशी बाय कुनी हलवत न्हाई. आमच्याकडं गाभन म्हशीला बी कुनी हलवत न्हाई. पन नऊ म्हैने झाले तरी सुटका न्हाई झाली, तर दवाखान्यात न्यावंच लागतंय. येत्या रविवारपत्तूर येळ दिला. रविवारी सांजच्याला फूल उमाललं तर ठीक. न्हाई उमाललं, तर कुंडी खाली टाकीमागं आनि मच्छिंद्र आत. काय म्हंता?"

टाळ्या झाल्या. नीरजाबाईंनीही वाजवल्या, हे गोपाळकृष्णांनी पाहिलं.

टाकीमागं! जिथं संडासाची फुटकी भांडी टाकतात तिथं! त्या रात्री त्यांना झोप आली नाही. पण खरा घोटाळा व्हायचा होता तो वेगळाच. सर्जेराव सहज बोलून गेले, आणि त्यांच्या ऐंशीच्या घरातल्या आईने ते मनावर घेतलं. सोजरबाई दुसऱ्याच दिवशी खांबेट्यांकडे आल्या, वेलीसमोर खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "पोटुशी हाय म्हंता, आन् डोहाळजेवन केलं का तिचं?"

"आजी, वेल आहे ती," नीरजाबाई म्हणाल्या.

"मंग? तिला जीव न्हाई? आगं, हौस न्हाई केली तर फळ कसं धरंल पोरी?"

गोपाळकृष्णांना खरं म्हणजे 'नको' म्हणायचं होतं. पण रविवारचा धाक असा होता की कुणी कळ्यांना राष्ट्रगीत म्हणून दाखवा म्हटलं असतं तरी ते सावधान उभे राहिले असते. ते म्हणाले, "हात न लावता करता येईल का?"

शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या मजल्यांवरच्या बायका नटून आल्या होत्या. कुंडीला हिरवा खण गुंडाळला. ओटी भरली, तांदूळ, नारळ, सुपारी सगळं कुंडीच्या पुढ्यात. दोन वाट्या झाकून ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. वेलीला वाटी उचलता येत नाही, तेव्हा नवऱ्याने उचलावी असं ठरलं. नवरा कोण? सगळ्यांनी गोपाळकृष्णांकडे बोट दाखवलं. त्यांनी कान लाल होईपर्यंत नकार दिला आणि मग वाटी उचलली. बर्फी निघाली!

"मुलगी! मुलगी!" एकच गलका झाला. काय सांगावं, त्या गलक्यात गोपाळकृष्णांनाही भरून आलं. ज्यांच्याशी कधी लिफ्टमध्येही बोलणं झालं नव्हतं, त्या बायका त्यांचं अभिनंदन करत होत्या. कुणी हिरव्या बांगड्या वेलीच्या शेंड्याला अडकवल्या. कुणी पानाला कुंकू लावलं. कुणी गाणं सुरू केलं. "हात नको! हात नको!" असं म्हणत गोपाळकृष्ण घामाघूम होऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचत होते. आणि तेवढ्यात सोजरबाईंनी मायेने पेलाभर साखर घातलेलं दूध कुंडीत ओतलं.

शनिवारी सकाळी मुंग्या आल्या. सोसायटीत असतील नसतील तेवढ्या सगळ्या आल्या. गोपाळकृष्णांनी हळदीची रेघ ओढली, मुंग्यांनी ती ओलांडली. त्यांनी टीपकागदाने दूध टिपलं, चमच्याने वरची माती काढली, रुमालाने पानं पुसली. पुसता पुसता वर पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत उजवीकडच्या घोसातली एक कळी टपकन खाली पडली. मग दुसरी. मग जपमाळ तुटावी तशा सगळ्याच ओघळल्या. मागे नुसता उघडा दांडा राहिला.

दुपारी ते जेवायला उठले नाहीत. जमिनीवरच्या कळ्या गोळा करून वाटीत घेऊन बसले होते. बाहेर मच्छिंद्रची माणसं शेजारची बाल्कनी खरवडत होती, तो करकर आवाज थेट त्यांच्या काळजात जात होता.

"जेवून घ्या," नीरजाबाई म्हणाल्या.

"तू जेव. तुला दार मिळालं."

"एक घोस आहे अजून," त्या म्हणाल्या, आणि ताट तिथंच, स्टुलापाशी आणून ठेवलं.

रविवारी दुपारी चारपासूनच माणसं जमू लागली. भारत-पाकिस्तान मॅच असावी तशी. दिगंबर गोरे घड्याळ बघत होते. मच्छिंद्र दारात कुंडी उचलायला दोन माणसं घेऊन उभा होता, पण तोही टाचा उंचावून बघत होता. तनया व्हिडिओ कॉलवर होती आणि "बाबा, कॅमेरा जवळ न्या ना!" म्हणून ओरडत होती. पाच वाजले, साडेपाच वाजले. कळ्या टपोऱ्या, पंचकोनी, मिटलेल्या. सूर्य डोंगराकडे झुकला. दिगंबर गोऱ्यांनी घसा खाकरला.

"खांबेटेकाका, ठरल्याप्रमाणे…"

"दिवेलागण होऊ द्या," सर्जेराव म्हणाले. "सांज म्हंजे सांज."

नीरजाबाईंनी देवापुढे निरांजन लावलं आणि त्या हॉलमध्ये आल्या. तेवढ्यात भिंगवाले गोपाळकृष्ण म्हणाले, "अगं…"

एक कळी पाच टोकांनी उघडत होती. फिकट गुलाबी, मखमली चांदणी, आणि तिच्या पोटात आणखी एक इवलीशी लालचुटुक चांदणी. मग तिच्या शेजारची. मग तिसरी. बघता बघता अख्खा घोस उमलला आणि त्या कोंदट हॉलमध्ये मधाचा आणि जायफळाचा असा वास सुटला की दिगंबर गोरे घड्याळ बघायचे विसरले.

"उमाललं!" सर्जेराव गरजले. "बारसं करा! पेढे आना!" जिन्यापर्यंत टाळ्या गेल्या. तनया तिकडे फोनमध्ये किंचाळत होती. मच्छिंद्रने टोपी काढून हवेत उडवली. गोपाळकृष्ण स्टुलावर दोन्ही हात वर करून उभे होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पासष्ट वर्षांचा माणूस, पण त्याला आज कशाचीच लाज वाटत नव्हती.

या सगळ्या गदारोळात सोजरबाई काठी टेकत पुढे आल्या. त्यांनी फुलाला हात जोडले. "पहिलं फूल घरच्या लक्ष्मीच्या डोईत," असं म्हणाल्या, आणि कुणी 'अहो' म्हणायच्या आत नखाने दांड्यासकट घोस खुडून त्यांनी तो नीरजाबाईंच्या अंबाड्यात खोवला.

गोपाळकृष्णांचे हात वरच राहिले.

"आजी!" असा एक आवाज फुटला, आणि तो गोपाळकृष्णांचा नव्हता. "आजी, दांडा तोडलात! अहो, होयाचा दांडा तोडायचा नसतो! फुलं गळली तरी त्याच दांड्याला पुढच्या वेळी पुन्हा फुलं येतात, वर्षानुवर्षं येतात! कुणीच कसं वाचत नाही काही?" त्या नीरजाबाई होत्या. इतक्या वर्षांत त्यांना ओरडताना कुणी पाहिलं नव्हतं. "इतकं जपलं मी हिला!"

"तू?" गोपाळकृष्ण स्टुलावरून म्हणाले. "पाणी तर रोज मी…"

"रोज तांब्याभर! होयाला आठवड्यातून एकदा लागतं पाणी! तुम्ही अंघोळ करून घालता आणि पेपर वाचायला बसता, की मी कुंडी जागच्या जागी धरून, वाटीने खालच्या ताटलीतलं सगळं काढून ओतून देते. रोज! तुळशींच्या वेळी कळलं नाही मला, हिच्या वेळी कळलं. म्हणून जगलीय ही!"

भर सभेत, चेअरमन-सेक्रेटरींसमोर, मुलगी व्हिडिओवर असताना! गोपाळकृष्ण हळूच स्टुलावरून खाली उतरले. सोजरबाई कानकोंड्या होऊन म्हणाल्या, "चुकलं गं पोरी. मला वाटलं, तुला हवं आसंल."

नीरजाबाईंनी अंबाड्याला हात लावला. बोटांना फुलांतला मध लागला. त्यांचा चेहरा निवळला. "हवंच होतं, आजी," त्या म्हणाल्या, आणि म्हाताऱ्या बाईचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला.

मच्छिंद्रने अदबीने विचारलं, "काकू, मग आता कुंडी घेऊ का बाजूला? फूल तर झालं."

"हात लावून तर बघ!" नीरजाबाई कडाडल्या. "काल कळ्या गळल्या तो दांडा शाबूत आहे तिथं. त्याला पुन्हा येतील. तोपर्यंत दार उघडणार नाही. आमची बाल्कनी बिनरंगाची राहू दे."

"पण ठराव…" दिगंबर गोरे म्हणाले.

"ठराव तुमच्या घरी लावा," नीरजाबाई म्हणाल्या.

माणसं पांगली. हॉलमध्ये दोघंच राहिली आणि तो वास. नीरजाबाईंच्या मानेवरून मधाचा एक थेंब ओघळत होता. गोपाळकृष्ण जवळ आले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मग उद्या… किती घालू?"

"तुम्ही नाही घालायचं," नीरजाबाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त ओरडायचं, पुढची कळी आली की."